मनोऱ्याचे दोन थर

नगरभवनाचा मनोरा नकाशापेक्षा दोन थरांनी बुटका आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घड्याळाच्या वर नऊ थर काढलेले, बसवलेले सात. उरलेले चाळीस घडीव दगड गेले कुठे? मुख्य गवंड्याच्या घशात, असं लोकांनी ठरवून टाकलं. पुरावा नव्हता, पण पुराव्यावाचून लोकांचं कधी अडलंय?

त्याचा नातूही गवंडीच झाला. साठीला आला तरी ‘दगडखाऊ’ हे नाव काही सुटलं नाही. लहानपणी एकदा शाळेत मार खाऊन आल्यावर त्याने भरल्या ताटावरच विचारलं होतं, “आजोबा, घेतले होते का तुम्ही दगड?”

आजोबांचा घास हातातच राहिला. “इमारत उभी आहे ना?” एवढंच म्हणाले.

सरळ प्रश्नाला असलं आडवळणाचं उत्तर. तेव्हा मनात चुकचुकलेली पाल आजवर गप्प बसली नव्हती.

आता मनोऱ्याच्या बुडाशी तडा गेला आणि पाया उकरायचं काम नेमकं त्याच्याकडे आलं. इंजिनियरबाई त्याच्यादेखत सकाळ-संध्याकाळ दगड मोजायच्या. त्याला राग यायचा, पण बाईंचा नाही, आजोबांचा.

चौथ्या दिवशी ओबडधोबड पायाच्या खाली काळा चिखल लागला आणि चिखलात घडीव दगड. पायात कोणी असा दगड वाया घालवत नाही. प्रत्येक गवंडी दगडावर आपली खूण कोरतो. इथे दगडामागून दगडावर तीन रेघांचा चिमणीचा पाय होता. ती आजोबांची खूण. सगळे मिळून चाळीस भरले.

“म्हणजे इथे लपवले होते तर,” बाई वाकून म्हणाल्या. “मागाहून न्यायचे असतील, तोवर वर पाया चढला असेल.”

क्षणभर त्यालाही तेच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मग त्याने दोन दगडांच्या सांध्यात बोट घातलं.

“लपवलेल्या दगडांत कोणी चुना भरतं का, बाई? चिखलावर पसरून बसवलेत. नाहीतर मनोरा पहिल्याच वर्षी खचला असता.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

“खालची जमीन पक्की आहे म्हणून साहेबाची आधीच सही झालेली. गवंड्याचं कोण ऐकणार?”

त्या संध्याकाळी बाईंनी दगड मोजले नाहीत. तो खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. आजोबांनी उत्तर दिलं होतं, आणि सरळच दिलं होतं. चोर त्यांना सगळा गाव म्हणायचा, पण पाठीमागे. तोंडावर विचारणारा एकटा तोच होता.