शेवटचं मूल पलीकडे गेल्यावर

आमच्या शाळेत पट्टा मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. केशरी रंगाचा, एका खांद्यावरून तिरपा येऊन कमरेशी बक्कल लागणारा पट्टा. शाळा भरताना आणि सुटताना समोरच्या रस्त्यावरून मुलांना पार करायला चौथीतली चार मुलं उभी राहत, त्यांचा तो. मला मिळाला त्या संध्याकाळी मी तो घालूनच जेवायला बसले. बाबा म्हणाले, "एवढं शिकवलं आणि शेवटी पोरगी पट्टेवाली झाली!"

आईने मात्र भिंतीवरून शेजारच्या काकूंना सांगून टाकलं, की वर्षअखेरीला पट्ट्याच्या मुलांचा फोटो निघतो, तो ऑफिसबाहेर टांगतात, आणि यंदा आमच्या घरचं कुणीतरी त्यात असणार. आईने काकूंना सांगितलेली गोष्ट खरी झालीच पाहिजे, असा आमच्या घरचा कायदा होता. त्यामुळे वर्षभर पट्टा टिकवणं मला भाग होतं.

काम कवायतीच्या सरांनी शिकवलं. "गाड्या अडवायच्या नाहीत. गाडी तुमचं ऐकणार नाही. मुलं अडवायची." रस्त्याच्या काठावर उभं राहायचं, दोन्ही हात आडवे पसरून मुलांना मागे ठेवायचं, रस्ता मोकळा झाला की हात खाली. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, आपल्या भावंडांना आधी सोडायचं नाही. आणि शेवटचं मूल पलीकडे गेल्याशिवाय जागा सोडायची नाही.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, यात एकच भर घातली. पट्ट्याच्या मुलांनी वक्तशीरपणाचा आदर्श ठेवावा. तीनदा उशीर झाला, की पट्टा परत.

दोन्ही नियम आपापल्या जागी सोन्यासारखे होते. फाटकाबाहेर सरांचं राज्य, आत बाईंचं, आणि दोन राज्यांमध्ये बोलणं जेमतेम. त्या दोघांच्या मधोमध मी उभी होते आणि माझ्या मागून येत होता माझा धाकटा भाऊ.

तो दुसरीत होता. घरात सगळे त्याला नबाब म्हणत. आई म्हणायची, "हा जन्मालाच उशिरा आला, तेव्हाच ओळखायला हवं होतं." आधी मी त्याला मनगटाला धरून ओढत शाळेत न्यायची. आता मला लवकर निघावं लागे, म्हणून स्वारी एकटी येऊ लागली. वाटेत सायकलवाल्याचं दुकान होतं. तो पंक्चर शोधायला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायचा. बुडबुडा नेमका कुठून निघतो हे पाहिल्याशिवाय नबाबाचं पाऊल पुढे पडत नसे.

म्हणजे शेवटचं मूल रोज कोण, ते सांगायला नको. पहिल्याच महिन्यात माझे दोन उशीर झाले.

मी सरांकडे गेले. "सर, स्वतःचा भाऊ शेवटचं मूल धरायचा का?"

"शाळेच्या पटावर आहे ना?"

"आहे."

"मग मूल आहे."

बाईंकडे गेले. "बाई, शेवटचं मूल माझा भाऊच असतो."

"मग तर सुधारणा घरापासूनच व्हायला हवी," बाई म्हणाल्या.

घरी मी नबाबाला कोपऱ्यात घेतलं. "उद्यापासून नीट येशील ना रे?"

"मी नीटच येतो. तूच घाईने जातेस."

शेवटी मी माझी रंगीत खडूंची पेटी त्याला देऊन टाकली. त्याने ती घेतली, वेळेवर यायचं कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याच्या दुकानाच्या फळीवर निळ्या खडूने घमेलं काढत बसला.

घंटा झाली. पलीकडच्या काठावर माझी जोडीदारीण होती, तिला आम्ही चष्मेवाली म्हणायचो. तिने रस्त्यावरून हाक मारली, "मी जाते गं. एकच राहिलाय, आणि तो तुझाच आहे."

"अगं, थांब ना!"

"तुझा नबाब, तू सांभाळ," म्हणत ती पळाली.

मग मी ओरडले. नियम मोडून, घसा फोडून. नबाब आला, पण चालत. रस्त्याच्या कडेने पळायचं नाही, असं सरांनी सगळ्या शाळेला सांगितलं होतं ना! माझ्या मागे येऊन तो थांबला. रस्ता रिकामा होता.

"चल की!"

"तुझा हात आडवा आहे."

मी हात खाली आणला, आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या लाकडाच्या वखारीच्या फाटकातून ओंडके लादलेली लॉरी मागे यायला लागली. हात पुन्हा आडवे. लॉरीमागचा माणूस पत्रा बडवत होता, "येऊ दे, येऊ दे... बास! पुढे घे!" लॉरी पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"बघ, बरं झालं ना थांबलो," नबाब म्हणाला.

शाळेच्या दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. मी बक्कल सोडलं.

हा सगळा प्रकार कवायतीच्या सरांनी फाटकातून पाहिला होता. ते बाईंना म्हणाले, "बहीण चल म्हणत असताना पोरगा हात खाली येईपर्यंत हलत नाही, याला शिस्त म्हणतात. दुसरीतला असला म्हणून काय झालं, पट्टा त्याला द्या." बाईही कबूल झाल्या, पण वेगळ्या कारणाने. जबाबदारी अंगावर पडली की मूल वेळेवर येतं, असं त्यांचं मत होतं. इतक्या वर्षांत दोन्ही राज्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, ते माझ्या पट्ट्यावर.

पट्टा नबाबाच्या गुडघ्यापर्यंत आला. आईने दोन टिपा घालून आखूड केला. काकूंना दिलेला शब्द मोडला नव्हता, फक्त मूल बदललं होतं. मी रडले तेव्हा ती म्हणाली, "ताई ना तू त्याची? घेऊन जा त्याला लवकर." म्हणजे पट्टा गेला आणि लवकर उठणं राहिलं. शिवाय पट्ट्याच्या मुलाचे हात मोकळे हवेत, म्हणून दोघांची दप्तरं मी धरून उभी.

नबाब बुडबुडा पाहायचा तसाच रस्ता पाहायचा. मोकळा म्हणजे पार मोकळा. लांब वळणावर एक सायकल दिसली, तरी हात आडवे. "येतेय," तो म्हणायचा. मागे मुलांचा ढीग साचायचा.

"अरे सोड ना बाबा!"

"येतेय."

"नबाबा, मी म्हातारी होईन इथे," चष्मेवाली पलीकडून ओरडायची. पण पट्ट्याला ओलांडून जायची कुणाची छाती नव्हती, कारण फाटकात सर उभे असत, कौतुकाने छाती फुगवून.

घंटा व्हायची तेव्हा निम्मे वर्ग रिकामे असायचे. आठवड्याच्या शेवटी तर दोन शिक्षिकाही नबाबाच्या हातामागे अडकल्या. आता बाई कुणाकुणाला उशीर झाला म्हणणार? एका मुलाला उशीर झाला तर चूक मुलाची, अख्ख्या शाळेला झाला तर चूक घड्याळाची. सोमवारी फळ्यावर सूचना लागली, की यापुढे शाळेची घंटा पंधरा मिनिटं उशिरा होईल.

मी उभ्याउभ्या हिशेब केला. या घंटेने मला एकदाही उशीर झाला नसता. तशीच बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, मग माझे तीन उशीर?"

"ते जुन्या घंटेचे."

"आणि पट्टा?"

"जागा भरली आहे, बाळ."

वर्षअखेरीला फोटो निघाला. फोटोवाल्याने नबाबाला बुटका म्हणून मधे उभं केलं. त्याने सवयीने हात आडवे पसरले. "हात खाली घे रे," फोटोवाला म्हणाला. नबाबाने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मगच घेतले. मी कडेला होते. फोटोत माझी एक मूठ आली आहे, दोन दप्तरांचे पट्टे धरलेली.

शाळा मोडली तेव्हा तो फोटो नबाबाने मागून आणला. आता तो त्याच्या बैठकीत आहे. परवा गेले होते, तर त्याची नात खुर्चीवर चढून काचेला बोट लावत होती.

"आजोबा, हा हात कुणाचा?"

"तो? या आजीचा. माझ्याआधी पट्टा हिच्याकडे होता."

"मग?"

"काढून घेतला. रोज उशिरा यायची."