डायनामो घरी आहे

मी इंजिन बोलतोय. निदान बोलायला सुरुवात तरी इंजिन म्हणून करतो. बोलता बोलता मी नक्की कोण ठरेन, ते माझं मलाच अजून नीट उमगलेलं नाही.

भिलाईच्या नेहरू नगरात, हमरस्त्याला लागून एक खाजगी आयटीआय आहे. तिथल्या वर्कशॉपमध्ये लोखंडी स्टँडवर मला उभं केलंय. माझं पोट, छाती, गळा, सगळं कापून उघडं ठेवलंय. याला इथे ‘कट सेक्शन’ म्हणतात. मी चालत नाही, धूर सोडत नाही, कुठे जात नाही. नवी मुलं येतात, माझ्या आत बोटं घालून बघतात आणि वहीत नावं उतरवून घेतात. माणसं आपलं आतलं झाकायला केवढी धडपडतात, आणि मला मात्र आतलं दाखवण्यासाठीच ठेवलंय. सुरुवातीला फार लाज वाटायची. मग सवय झाली.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी एका जीपमध्ये होतो आणि जीप अहिवाऱ्याकडच्या चुनखडीच्या खाणीवर होती. खायला डिझेल आणि श्वासाला पांढरी धूळ. ड्रायव्हर मला एरवी ‘इंजन’ म्हणायचा आणि चढावर धाप लागली की ‘साला’ म्हणायचा. तेव्हा ही दोनच नावं होती आणि दोन्ही मला समजत होती.

तिथेच माझा डायनामो गेला. डायनामो म्हणजे माझ्या कुशीला बसणारा वाटोळा सोबती. मी फिरलो की पट्ट्याच्या जोरावर तोही फिरायचा आणि बॅटरीत वीज भरत राहायचा. तो नसला तरी गाडी काही काळ चालते. मग दिवे मंद होतात, हॉर्न घोगरा होतो, आणि एकदा का गाडी बंद पडली की ढकलल्याशिवाय उठत नाही. कोणीतरी त्याला दुरुस्तीला म्हणून काढून नेलं आणि परत आणलंच नाही. तो ज्यावर बसायचा तो ब्रॅकेट तेवढा माझ्या अंगाला राहिला. पुढे मी भंगारात गेलो.

भंगारातून मला उचललं पंजाबरावांनी. मूळचे गोंदियाकडच्या शेतकरी घरातले. आयुष्य गेलं पोलाद कारखान्याच्या गॅरेजात, डंपर दुरुस्त करण्यात. रिटायर झाल्यावर ते या आयटीआयत शिकवायला लागले. शिकवायला कापलेलं इंजिन हवं होतं आणि नवं घ्यायची संस्थेची ऐपत नव्हती. मग पंजाबरावांनी मला आपल्या घरच्या अंगणात नेलं आणि स्वतःच्या हातांनी कापलं. दुखलं का, असं विचाराल, तर सांगता येत नाही. मला तेव्हा फक्त एवढंच कळत नव्हतं, की हा माणूस मला मोडतोय की घडवतोय.

कापून झाल्यावर त्यांनी मला रंग दिला. पाण्याची वाट हिरवी, तेलाची पिवळी, हवेची निळी, धुराची लाल. मग पत्र्याचे तुकडे कापून त्यांच्या पाट्या केल्या. पत्रा सांडशीत धरायला त्यांच्या बायको राधाबाई बसल्या होत्या.

“येवढी नावं कोनासाठी लिहून राहिले जी?” त्यांनी विचारलं.

“पोरायसाठी.”

“अन् पोरं इसरली तं?”

“मनूनच तं पाटी हाये,” पंजाबराव म्हणाले आणि पत्र्याला भोक पाडू लागले.

वर्गात आल्यावर माझा गोंधळ सुरू झाला. माझ्या मागच्या जड चाकाला इंग्रजी पुस्तकात फ्लायव्हील, हिंदी पुस्तकात गतिपालक चक्र आणि ड्रायव्हर लोकांत नुसता चक्का म्हणतात. ज्या मोटरीनं मला जाग येते ती परीक्षेत स्टार्टर असते आणि गॅरेजात सेल्फ. पिस्टनला धरून ठेवणाऱ्या दांड्याला तर कोणी संयोजी दंड म्हणालं, तेव्हा मला वाटलं हे मला काहीतरी शिक्षा सुनावताहेत. मुलं घाबरायची. पंजाबराव म्हणायचे, “नाम कोई भी लो बेटा, हाथ सही जगह जाना चाहिए.”

एखादा मुलगा माझ्या रिकाम्या ब्रॅकेटवर बोट ठेवायचा. त्याच्याखाली ‘डायनामो’ अशी पाटी होती आणि वर काहीच नव्हतं.

“सर, डायनामो किधर है?”

“वो घर पे है,” पंजाबराव म्हणायचे.

मुलं हसायची. धनंजय नावाचा एक उंच मुलगा होता, तो सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. मला मात्र काही समजत नसे. माझा डायनामो तर अहिवाऱ्याला हरवला होता. मग पंजाबरावांच्या घरी होता तो कुणाचा? आणि असलाच, तर मी त्यांच्या अंगणात एवढे दिवस पडून होतो, मला कसा दिसला नाही?

मग एका उन्हाळ्यात पंजाबराव यायचे बंद झाले. लकव्याचा झटका आला, उजवा हात गेला, बोलणं गेलं, असं मुलं आपसात बोलली. त्यांच्या जागी कमलेश सर आले. हे पंजाबरावांचेच जुने विद्यार्थी; माणूस भला, पण सगळं पडद्यावर शिकवतात. पडद्यावरचं इंजिन गोल गोल फिरतं, पारदर्शक होतं, बोलतंसुद्धा. माझ्याकडे कोण बघणार? माझ्यावर लोक डबे ठेवायला लागले.

या वर्षी विश्वकर्मा पूजेच्या आधी मला नवा रंग द्यायचं ठरलं. ही पूजा म्हणजे भिलाईत केवढी मोठी गोष्ट, ते बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. कारखान्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत प्रत्येक जण आपली यंत्रं धुऊन, रंगवून, हार घालून उभी करतो. हत्यारं देवासमोर मांडतात, त्यांना कुंकू लावतात, आणि त्या दिवशी कोणी पान्याला हात लावत नाही. त्या दिवशी हत्याराला विश्रांती.

रंगाऱ्यानं माझ्या पाट्या काढल्या, रंग दिला, आणि वाळल्यावर जिथे भोक दिसलं तिथे पाटी बसवून टाकली. त्याचा काय दोष? त्याच्या लेखी मी एक अवघड आकाराची भिंत होतो. पण माझी अवस्था काय झाली! चक्क्यावर ‘वॉटर पंप’. वॉटर पंपावर ‘सेल्फ’. सेल्फवर ‘नोझल’. आणि ‘डायनामो’ची पाटी जाऊन बसली ऑइल फिल्टरवर. नवी मुलं आली आणि तीच नावं घोकून गेली. इतकी मुलं एका सुरात म्हणायला लागली की आपल्यालाही वाटतं, आपलंच चुकत असेल. मी स्वतःला तपासून पाहिलं. हा माझा चक्का ना? की पहिल्यापासून हा पंपच होता आणि पंजाबरावच मला चुकीचं शिकवून गेले? कमलेश सरांना एक पाटी खटकली. ते थबकले, मग पेंडॉलवाल्याचा फोन आला, आणि “पूजा के बाद देखेंगे” म्हणून ते गेले.

पूजेच्या दिवशी पंजाबराव आले. डावीकडून राधाबाईंनी धरलं होतं, उजवीकडून मुलीनं, रोशनीनं. ती जवळच एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. मी त्यांना पाहिलं आणि मला रडू आलं असतं, पण माझी पाण्याची वाट कोरडी आहे.

राधाबाई माझ्याशेजारी खुर्चीवर बसल्या. झाडलोट करणाऱ्या बेबीताईंनी त्यांना पाणी दिलं.

“बोलतेत का आता?” बेबीताईंनी विचारलं.

“बोलतेत ना. चहाले इंजनातलं मोबील तेल म्हनतेत. शेजारच्या मास्तरले सायलेन्सर म्हनतेत. अन् रोशनीले पिस्टन.”

बेबीताई हसल्या. राधाबाईही हसल्या, पण लगेच थांबल्या.

“साऱ्यायले काई ना काई म्हनतेत. चुकीचं का होईना, पन म्हनतेत. मले तं काईच नाई म्हनत, बाई. पाह्यतेत अन् चूप बसतेत. डॉक्टर मनते, नावं इसरले. पन नावच इसरले का मलेच इसरले, हे कोनाले इचारू?”

बेबीताईंनी त्यांच्या हातातला पेला घेऊन पुन्हा भरला.

आरती झाली. पूजा सांगणाऱ्या महाराजांनी प्रसादाची बुंदी वाटायला घेतली. तेवढ्यात पंजाबरावांची नजर माझ्यावर पडली. ते उठले, पाय ओढत माझ्यापाशी आले, आणि चक्क्यावरची पाटी त्यांनी डाव्या हाताच्या नखांनी ओरबाडायला सुरुवात केली.

“बाबा, क्या कर रहे हो? नवीन पेंट आहे, बाबा!” रोशनी धावली.

“सायलेन्सर!” पंजाबराव ओरडले. “सायलेन्सर! मोबील!”

मुलांच्यात खसखस पिकली. राधाबाईंनी पदर तोंडाला लावला. पंजाबराव वळले आणि थेट देवासमोर मांडलेला, कुंकू लावलेला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी उचलला.

“अरे, आज औजार नहीं छूते!” महाराज म्हणाले.

“सर, कल कर देंगे ना, कल,” कमलेश सर समजुतीनं म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर काढून घ्यायला पुढे झाले. पंजाबराव सोडेनात. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरसकट कमलेश सरांचा हात ओढून चक्क्यावर टेकवला. मग तोच हात उचलून पाटीवर ठेवला. सरांनी पाटी वाचली. मग दुसरी वाचली, मग माझ्याभोवती चालत जाऊन सगळ्या वाचल्या. त्यांचा चेहरा उतरला.

“सर सही बोल रहे हैं,” ते हळूच म्हणाले. “सब उल्टा लगा है.”

“उद्या लावा की,” राधाबाई काकुळतीनं म्हणाल्या. “आज देवाचा दिवस हाये.”

कमलेश सरांनी महाराजांकडे पाहिलं, विश्वकर्म्याच्या तसबिरीला नमस्कार केला आणि पंजाबरावांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेऊन पहिला स्क्रू फिरवला. महाराज बुंदीचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत निघून गेले. रागावले की न पाहिल्यासारखं केलं, ते मला सांगता येणार नाही.

सगळ्या पाट्या निघाल्या. पंजाबरावांनी एक हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. स्वतःच्याच हातानं रंगवलेली अक्षरं, पण ती त्यांना लागेनात. त्यांनी पाटी रोशनीपुढे केली.

“फ्लायव्हील,” रोशनीनं वाचलं. तिला फ्लायव्हील म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

“बटाटा,” पंजाबराव मान डोलावून म्हणाले, आणि पाटी बरोबर चक्क्यावर टेकवली.

कमलेश सरांनी स्क्रू कसला. आता कोणी हसलं नाही.

“सेल्फ.”

“मोबील,” म्हणत पाटी सेल्फवर.

“नोझल.”

“चष्मा,” आणि त्यांचं बोट नोझलवर. एकदाही हात चुकला नाही, आणि एकदाही शब्द बरोबर आला नाही. मुलगी वाचत होती, बाप जागा दाखवत होता, चेला स्क्रू कसत होता. मी एकेक करून पुन्हा मी होत होतो. अंगावर एकेक पाटी येत होती आणि मला वाटत होतं, अरे हो, हाच तर मी!

शेवटी एक पाटी उरली.

“डायनामो,” रोशनीनं वाचलं.

पंजाबरावांनी ती हातात घेतली. रिकाम्या ब्रॅकेटवर बोट फिरवलं. कमलेश सर स्क्रू घेऊन वाट बघत होते. पण पंजाबराव पाटी घेऊन वळले, पाय ओढत खुर्चीपाशी गेले, राधाबाईंचा हात उलटा करून त्यात ती पाटी ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली.

“हे कायचं जी?” राधाबाई गोंधळल्या. “मले कावून देता? रोशनी, काय लिवलं हाये यावर?”

“डायनामो, आई. गाडीचा काही पार्ट आहे.”

मागून कोणीतरी जोरात हसलं आणि मग त्या हसण्याचं हुंदक्यात काहीतरी झालं. धनंजय होता. आता दुर्गमध्ये त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. प्रसादाला आला होता.

“काकू,” तो डोळे पुसत म्हणाला, “आमी सरले रोज इचारू, डायनामो कुटं हाये? सर म्हनत, घरी हाये. दरवर्षी हेच म्हनत. आमी हसत होतो, पन सर कोनाले म्हनतेत ते आमाले समजत होतं ना.”

राधाबाईंनी मूठ उघडून पाटीकडे पाहिलं, पुन्हा मिटली. पंजाबराव त्यांच्याकडे बघत होते. झटक्यानंतर त्यांचं तोंड एकाच बाजूनं हलतं, त्यामुळे ते हसले की नाही ते नक्की कळेना.

“मंग मलेबी नाव हाये तं,” राधाबाई म्हणाल्या, आणि पाटी पदराला पुसून घट्ट धरून ठेवली.

मला वाटतं, मला आता समजलं आहे. की अजून नाही? धनंजयला आणि त्या मुलांना तेव्हाच कळलं होतं. मी मात्र एवढी वर्षं एका वाटोळ्या लोखंडी डायनामोचाच हिशेब लावत बसलो. त्या दिवशी पंजाबरावांनी बायकोला ओळखलं, की नुसती ‘या पाटीची जागा घरी’ एवढीच हातांची जुनी सवय होती? पोट कापून बघितलं तरी कळत नाही अशाही गोष्टी असतात, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. राधाबाईंनी मात्र पुन्हा तो प्रश्न कोणाला विचारला नाही. ती पाटी त्यांच्या चुलीवरच्या फळीवर असते, असं बेबीताई सांगत होत्या.

माझं आता बरं चाललंय. डबे ठेवणं बंद झालं. कमलेश सर आठवड्यातून एकदा पडदा गुंडाळून मुलांना माझ्याभोवती उभं करतात. फक्त परवा ते कोणाला तरी फोनवर सांगत होते, की दुर्गच्या बाजारातून एक जुना डायनामो आणून बसवून टाकू, मॉडेल पूर्ण दिसेल.

तेवढं करू नका, एवढीच माझी विनंती आहे. मला हवा तेवढा कापा, हवा तो रंग द्या, तीनऐवजी तीस नावं ठेवा. पण तो ब्रॅकेट रिकामाच राहू द्या. उद्या एखादं पोर त्यावर बोट ठेवून विचारेल, डायनामो कुठे आहे? त्याला सांगा, घरी आहे.