छब्बीसचं चाक

"रूपा, काय आकडा सांगा तू माले? टायर रिंगवर चढतच नही!"

छगन बांधावरूनच ओरडला. त्याची बायको रूपा आणि मी तिची शेजारीण, आम्ही दोघी त्याच्या कपाशीत निंदत होतो. पेरण्या झाल्या आणि पाऊस दडी मारून बसलेला. काळी जमीन भेगाळून खुरप्याला दाद देत नव्हती.

"टायरवर छब्बीस लिखेल शे, छब्बीस सांगं," रूपा मान वर न करता म्हणाली.

"दुकानवाला म्हणे, छब्बीस दोन ऱ्हातस. एक गेअरनी सायकलनं, जाडं पन ल्हानं. एक जुनी लेडीज सायकलनं, बारीक पन मोठं. छब्बीसना खाले काय लिखेल शे ते देखी ये म्हणे."

"माले काय मालूम? मी थोडीच सायकलवाली शे? सायकलवाली गयी ना वर!"

छगनचा चेहरा पडला. तो माघारी फिरला.

सायकल सुंदरबाईची, छगनच्या पहिल्या बायकोची. ती गावची आशाताई होती. त्याच सायकलीवर बाळंतिणींच्या घरोघरी जायची. तिची मुलगी सोनल चार वर्षांची असताना ती काविळीनं गेली. मग रूपा आली. रीतीप्रमाणे मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात पडला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुंदरबाईच्या नावाची घागर रूपाच भरते, आधी तिला घास दाखवते, मग स्वतः जेवते. जिवंत सवत निदान चुकते तरी. सुंदरबाईची भाजी कधी खारट होत नाही.

आता सोनल अकरावीला दोंडाईच्याच्या कॉलेजात लागली. एसटीची वेळ जुळेना, म्हणून छगननं गोठ्याच्या आढ्याची सायकल खाली काढली. सोनल फडकं घेऊन धावली, "मायनी सायकल! मायनी सायकल!" करत. रूपालाही ती मायच म्हणते. तो शब्द दुसरीला गेलेला रूपानं कानानं ऐकला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

छगन दिसेनासा झाल्यावर मी हळूच विचारलं, "रूपा, छब्बीसना खाले काय व्हतं वं?"

"एक, आनी तीन-आठ," ती लगेच बोलली.

"म्हंजे तुले माहीत व्हतं!"

"व्हतं. नवरा दिनरात तिनी सायकलजोडे बठस, अक्का. मनी चप्पलनी पट्टी तुटी, ती नही दिसस त्याले."

"मरेल मानूसना हेवा करू नही माय. पाप लागस."

"तुम्हना उपास शेतस, तुम्हले पुन्य शे. मना पोटमा नुसती आग शे."

मी खुरपं चालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी छगन चाकच खांद्यावर टाकून दोंडाईच्याला गेला. दुकानदार म्हणाला, टायर देतो, पण रिंग गंजून चाळण झालीय, आणि या जुन्या दांडी-ब्रेकच्या रिंगा आता कोणी ठेवत नाही. छगन धुळ्यालाही जाऊन आला. तिथंही तेच. त्या रात्री रूपानं शेवभाजी केली. तर्रीचा वास माझ्या ओट्यापर्यंत आला.

पण तिची ती खुशी रात्रभरही टिकली नाही. सोनलच्या मामाचा, जगदीशचा, जळगावजवळच्या पिंप्राळ्याहून फोन आला. "मनी बहिननी पोर शे ती. तठे कसाले हाल करतस तिना? मनाकडे धाडा, जळगावलेच शिकी." छगन म्हणाला, धाडी देऊत. सोनल कपडे भरायला लागली.

पहाटे मी तुळशीला पाणी घालत होते, तर रूपा समोर उभी. डोळे सुजलेले.

"अक्का, मनी पोरले लई चालना तो! तिनी सायकल, तिना भाऊ, बठ्ठं तिनंच! मंग मी इतला वरीस कोनी पोर वाढाई?"

"मंग सायकल व्हऊ देवानी व्हती वं."

ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "चाकं शेतस."

"कोठे?"

"यावलकडे, मना माहेरले. मी शाळामा जाऊ ती सायकल. तशाच दांडीना ब्रेक. भाऊनी केळीना घड वाही वाही चौकट मोडी टाकी, पन चाकं टांगेल शेतस. देखेल शे मी."

"हाई तुले कव्हयपासून ध्यानमा शे?"

"सायकल खाले उतारी त्याच दिनपासून."

मी तोंडातलं देवाचं नाव तोंडातच ठेवून तिच्याकडे बघत राहिले. ती तेव्हाच निघाली, तुटक्या पट्टीला सेफ्टी पिन लावून.

परतताना भुसावळहून पॅसेंजरनं आली, दोन खांद्यांना दोन चाकं. डब्यातल्या बाया तिला हसत होत्या म्हणे. एकीनं विचारलंच, "बाई, चाकं लई चालनी, बाकीनी सायकल कोठे शे?"

"सवतजोडे," रूपानं सांगितलं. मग कोणी हसलं नाही.

दोंडाईच्याला उतरून तिनं टायर घेतले. छब्बीस, एक आणि तीन-आठ. आकडा दोनदा सांगितला. छगननं चाकं बसवली, चेन ओढली, ब्रेकची दांडी दाबली. चाक जिथल्या तिथं थांबलं. सोनलनं भरलेली पिशवी तशीच रिकामी केली.

पहिल्या दिवशी ती सायकलवर पारासमोरून गेली, तर झुलाल नाना म्हातारा उठून उभा राहिला. "देख रे छगन! थेट सुंदर चालनी!"

रूपा दारातच होती. "नाना, चौकट सुंदरनी शे," ती मोठ्यानं म्हणाली. "चालस ती मना चाकेस्वर!"

नाना खो खो हसला. रूपा हसली नाही.

आता रोज संध्याकाळी सोनल आली की रूपा फडकं घेऊन बसते. एकेक तार पुसते, आसाला तेल सोडते, टायर दाबून बघते. काल मी म्हटलं, "चौकटवर बी एक हात मार ना वं. धूळमा रंग नही दिसी राहिना."

"ती जिनी शे, तिले पुसू द्या," रूपा म्हणाली, आणि चाक गरगर फिरवून बघितलं.