भोजनगृहातले लांब मेज

मित्रांनो, ऑक्सफर्डमधल्या एका कॉलेजच्या भोजनगृहात, चौथऱ्यावर आडवे पसरलेले मी एक जुने ओक लाकडाचे मेज आहे. सुतारांनी मला इथेच जोडले. दारातून बाहेर निघेन एवढे मी लहान नाही. खाली विद्यार्थ्यांच्या पंगती बसतात, माझ्याभोवती प्राध्यापक. मला रोज मेण चोळत. पाहुणे हात फिरवून म्हणत, "काय चकाकतंय हो!" मी सुखावून जाई.

माझ्यापाशी बसलेल्या पहिल्या बाई म्हणजे विनिफ्रेड अ‍ॅस्क्यू. त्या लॅटिन शिकवत. संध्याकाळी घंटा वाजली की कॉलेजचे काळे झगे घातलेले सगळे उभे राहत आणि जेवणाआधीची लॅटिन प्रार्थना बाई म्हणत. कोणी आधीच चमचा उचलला तर त्या म्हणायच्या, "अरे, सूप काही पळून जात नाही!"

त्या म्हाताऱ्या झाल्या. एका हिवाळ्यात प्रार्थनेच्या मधेच थांबल्या. सगळे ताटकळत उभे. त्यांनी माझी कड खालून घट्ट धरली. पुढचा शब्द मला पाठ होता, पण मी पडले लाकूड! खाली कोणीतरी खुदकन हसले. शेवटी कॉलेजचे प्रमुख हॅलमसर घाईने "आमेन" म्हणून बसले.

मग हे वरचेवर होऊ लागले. एकदा तर सूप संपल्यावर बाईंनी उठून पुन्हा प्रार्थना सुरू केली. त्या कॉलेजातल्या आपल्या खोलीवर परतल्यावर हॅलमसर मुख्य वाढप्याला, पेलोला, म्हणाले, "उद्यापासून बाईंचं जेवण खोलीवर पाठव. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

"सर, चार माणसांत बसतात म्हणून दोन घास जातात त्यांना."

"अरे, त्यांच्याच भल्यासाठी ना!"

पेलो मान खाली घालून बशा उचलू लागला.

दुसऱ्या दिवशी बाई झगा घालून दाराशी आल्या. पेलोने त्यांना हळू आवाजात काही सांगितले.

"अस्सं होय? आज प्रार्थनेची पाळी माझी नाही वाटतं," त्या हसून म्हणाल्या आणि माघारी वळल्या.

घंटा वाजली. एका तरुण प्राध्यापकाने न अडखळता प्रार्थना म्हटली. मग दोन्हीकडच्या खुर्च्या जराजराशा सरकल्या आणि मधली बाईंची मोकळी जागा भरून गेली.

मित्रांनो, तुमच्या पंगतीतले एखादे माणूस अडखळू लागले, तर त्याची जागा राखा. मी एवढे लांबलचक, पण एका माणसापुरती जागा मला राखता आली नाही.