गोळीचं भोक

मी स्वप्निलचं हेल्मेट बोलतोय. खाणीत घालतात ते, पिवळं. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

अकोल्याचा स्वप्निल काँगोत गेला, तेव्हा मी त्याच्या डोक्यावर आलो. तुमच्या मोबाइलमध्ये जे खनिज लागतं, त्याच्या खाणीवर तो ड्रिल मशीन चालवायचा. कंपनी परदेशी. त्याला तिथे नेणारा किशोर, अमरावतीचा; खाणीवर मुकादमही तोच. "लढाई पार लांब हाय," तो सांगायचा.

लढाई लांब नव्हती. खाणीच्या फाटकावरचे बंदूकवाले कंपनीनेच पोसले होते. बहाती नावाचा तिथला मजूर एकदा भारतीय कामगारांकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत स्वप्निलला म्हणाला, "आमचं गाव हटवून ही खाण केली. ज्यांनी हटवलं, तेच आता तुमचे पहारेकरी."

स्वप्निलने त्याच संध्याकाळी घरी फोन केला. "आई, मी वापस येऊन राहिलो."

चार दिवसांनी दुसरी टोळी चालून आली. पहारेकरी पळाले. किशोर आणि कंपनीचे मोठे साहेब हेलिकॉप्टरकडे धावले. स्वप्निल हात वर करून त्यांच्यामागे धावला. आत जागा होती. किशोरने त्याच्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

गोळी माझ्यातून आरपार गेली. मी त्याला वाचवू शकलो नाही. शेजारी बहातीचा भाऊ पडला. त्याचं हेल्मेट कुणी जपून ठेवलं नाही. त्याला ते दिलंच नव्हतं.

बहातीने मला धर्मेंद्रकडे सोपवलं. तो मूर्तिजापूरचा, त्याच खाणीवरचा कामगार, लपून बसल्यामुळे वाचलेला. मी घरी पोचण्याआधीच सीलबंद शवपेटी आली होती आणि कंपनीचं पत्रही: 'दरड कोसळून मृत्यू. मृताने हेल्मेट घातले नव्हते.'

स्वप्निलच्या आईने, इंदूबाईंनी, मला मांडीवर घेतलं, भोकात बोट घातलं. रडल्या नाहीत. सून ज्योत्स्ना म्हणाली, "आई, थो किशोर अमरावतीत पुन्हा पोरं भरती करून राहिला."

भरतीच्या हॉलमध्ये इंदूबाई सरळ स्टेजवर चढल्या. मला टेबलावर आपटलं.

"घाल हे डोक्यावर."

"बाई, तुमचा काही गैरसमज..."

"घाल ना! भोक कुठं येते, ते या पोरायले पाहू दे. काहून घालत नाहीस?"

मागून धर्मेंद्र ओरडला, "दार यानंच लावलं! म्या डोळ्यानं पाह्यलं!"

किशोरचा चेहरा राखेसारखा झाला. तो चेहरा मी अजून चघळतो. पोरांनी अर्ज तिथेच फाडले.

इंदूबाईंनी किशोरवर खटला भरलाय; आता मी त्यांच्या मंजुषा वकिलीणबाईंच्या कपाटात आहे, पुरावा म्हणून. किशोर जामिनावर सुटलाय. मोठ्या साहेबांना तर कुणी बोलावलंही नाही. बुद्धविहारातली माणसं इंदूबाईंना समजावतात, वैर धरू नका. त्या मान डोलावतात.

मी डोलावत नाही. किशोर, तारखा पाडून घे, वकील बदल, साक्षीदार थकव. मी प्लास्टिकचा आहे. मला कुजायला शेकडो वर्षं लागतात.