मास्तरांचा टेप आणि छकुलीची मान

मी एक जुना टेप आहे, मित्रांनो. गाणी वाजवणारा नव्हे हं, मापं घेणारा! नवा होतो तेव्हा पिवळाधमक होतो. आता सुरुवातीचे आकडे पुसट झालेत, टोकाची पत्र्याची पट्टी कधीच गळून पडली. तरी आमच्या शिंपीमास्तरांना माझ्याशिवाय चैन पडत नाही. दुकान उघडलं की मी त्यांच्या गळ्यात, जेवायला बसले तरी गळ्यातच. "मास्तरांच्या शिलाईला नाव ठेवायला जागा नाही," असं गिऱ्हाईक म्हणालं की मीच फुशारून जायचो.

मास्तरांची लेक छकुली तेव्हा दोन वर्षांची होती. एकदा तिच्या फ्रॉकचं गळ्याचं बटण लागेना. मास्तरांनी काय करावं? शिवण उसवली, कॉलर सैल केली, झालं! काही दिवसांनी पुन्हा तेच. "पोरगी बाळसं धरतेय," म्हणाले. अहो, बाळसं काय मानेच्या एकाच बाजूला धरतं? पण टेपला तोंड कुठलं!

शेवटी अंघोळ घालताना छकुलीच्या आईचा हात थबकला. "अहो, इथे बघा. मऊ गाठ लागतेय. आणि तुम्ही कॉलरी कसल्या उसवत बसलात?"

दोघं छकुलीला घेऊन तसेच दवाखान्यात धावले, मीही मास्तरांच्या गळ्यातच राहिलो. डॉक्टरीणबाईंनी गाठ हलकेच चाचपली, सगळ्या तपासण्या करून घेतल्या.

"चरबीची गाठ आहे, कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "पण मास्तर, ती भराभर वाढतेय. उद्या श्वासनलिका दाबेल. काढायला हवी, तीही पूर्ण. थोडी राहिली तर पुन्हा वाढू शकते. आवाजाची नस अगदी जवळ आहे, तेवढी जपावी लागेल."

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मास्तर छकुलीच्या आईशेजारी बाकावर बसून मला बोटांना गुंडाळत होते, सोडत होते. इतकं ओढलं की आता तुटतोच, असं वाटलं. पण राग नाही आला मला. बापाचं काळीज ते!

बऱ्याच वेळाने आतून खणखणीत भोकाड ऐकू आलं. "अगं, रडतेय! केवढ्यानं रडतेय बघ!" मास्तर हसत होते आणि डोळे पुसायला त्यांना नेमका मीच सापडलो. गाठ पूर्ण निघाली होती, नस शाबूत होती. गाठ पुन्हा येत नाही ना, हे बघायला ते अजूनही छकुलीला ठरल्या वेळी दाखवून आणतात.

मित्रांनो, तुमच्या किंवा धाकट्या भावंडाच्या अंगावर कुठे गाठ हाताला लागली, तर घाबरू नका आणि लपवूही नका. मोठ्यांना सांगा. ती साधी आहे की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

परवा छकुलीने मला पळवलं. "बाबा, पकडा मला!" असं किंचाळत दुकानभर धावली. एरवी मला कुणी हात लावला तरी मास्तरांचा पारा चढतो. त्या दिवशी गिऱ्हाईक माप द्यायला ताटकळत उभं होतं, आणि मास्तर तिला म्हणाले, "अजून मोठ्याने ओरड, राणी."