एक जिल्हा वगळून

सरकारी सुट्ट्यांची यादी करायला माणूस लागतो, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. लोकांना वाटतं, सुट्ट्या आपोआप येतात. आपोआप काही येत नाही. तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगत एक खोली होती, तिथे पत्र्याच्या कपाटाला पाठ लावून बसलेले एक गृहस्थ साऱ्या देशाला सुट्ट्या देत, आणि देताना नाक मुरडत. सत्तावीस वर्षं त्यांचं हेच चाललं होतं. त्यांना तोंडावर सगळे साहेब म्हणत आणि पाठ फिरली की तारीखराव. त्यांना दोन्ही माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडत होतं.

देश मोठा. एका टोकाला पेरणी चालू असते तेव्हा दुसऱ्या टोकाला कापणी उरकून माणसं आडवी झालेली असतात. प्रदेश एकोणीस. राष्ट्रीय सुट्ट्या चारच, त्या सगळ्यांना सारख्या, त्यामुळे त्यांचं कुणाला काहीच नाही. रडारड सगळी प्रादेशिक सुट्ट्यांची. शेजारच्या प्रदेशाला नऊ आणि आम्हाला आठच का, म्हणून शिष्टमंडळं येत. आमच्या कवीच्या जन्मदिवसाला सुट्टी द्या, म्हणत. "त्याच्या दोन ओळी म्हणून दाखवा," तारीखराव म्हणायचे. मंडळी एकमेकांकडे बघायची. मग तारीखराव अर्ज घडी घालून कपाटात टाकायचे आणि दिवसभर खुशीत असायचे.

सुट्टी मागणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मनापासून तिटकारा होता. स्वतः ते रविवारीसुद्धा ऑफिसात येत. काम असायचं असं नाही, पण बाकीचे घरी लोळताहेत या विचाराने त्यांना चहा गोड लागत असे.

यादी तयार झाली की तिच्या खाली तळटीपा यायच्या, मुंगीएवढ्या अक्षरात. या तळटीपा म्हणजे तारीखरावांची खास करामत. वर मोठ्या अक्षरात द्यायचं आणि खाली बारीक अक्षरात काढून घ्यायचं. गेल्या वर्षी अकरा नंबरच्या प्रदेशातल्या एका जिल्ह्याच्या कर्मचारी संघाने अर्ज पाठवला होता. पुढच्या वर्षी स्मृतिदिनाची सुट्टी बुधवारी येते, तर जोडून गुरुवारही मिळावा, कारण लोकांना गावी जाऊन यायला दोन दिवस लागतात. अर्जात 'कृपया' चुकीचं लिहिलेलं होतं. तारीखराव मिशीतल्या मिशीत हसले. त्यांनी पेन उचललं आणि अकरा नंबरच्या स्मृतिदिनाखाली त्या जिल्ह्याचं नाव घालून पुढे एकच शब्द लिहिला: 'वगळून'. गुरुवार राहिला बाजूला, बुधवारही गेला. वरच्यांनी न वाचता सही केली. दुपारच्या डब्यापर्यंत तारीखराव ही गंमत विसरूनही गेले.

त्यांची एकुलती एक मुलगी दोन वर्षांपासून अकरा नंबरमध्ये राहत होती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा बापलेकीच्या मध्ये पडणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगी नोकरीसाठी गेली आणि तिथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मुलाशी लग्न करायचं म्हणाली. "रंगारी जावई नको मला," एवढंच तारीखराव बोलले, पण असं बोलले की तिने दीड वर्ष फोन केला नाही. तिचं घर कुठल्या जिल्ह्यात आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांच्या लेखी ती अकरा नंबरमध्ये होती.

मग एका संध्याकाळी फोन आला.

"बाबा, बुधवारी अकरा वाजता नोंदणी कार्यालयात लग्न करतोय आम्ही. तुम्ही यावं असं मला वाटतं."

"बुधवारी?"

"हो. तारीख मिळालीय. कार्यालयाचा पत्ता मेसेजवर पाठवलाय. परत परत बोलावणार नाही मी. आलात तर तिथून पुढे सगळं नव्याने सुरू करू. नाही आलात तर मी समजायचं ते समजेन."

पोरीची आठवण तारीखरावांना रोज येत होती, फक्त ते तसं म्हणत नव्हते. "बघतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवल्याबरोबर तिकीट काढायला निघणार, तेवढ्यात सवयीने त्यांची नजर भिंतीवरच्या यादीकडे गेली. अकरा नंबर. बुधवार. स्मृतिदिन. सुट्टी.

ते खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. सुट्टीच्या दिवशी लग्न! साऱ्या देशाला तारखा देणाऱ्याची पोर, आणि तिला साधी यादी वाचता येत नाही! रंगाऱ्याच्या नादाला लागल्यावर दुसरं काय होणार? तळटीप वाचायचं त्यांच्या मनातही आलं नाही. तळटीपा लोकांसाठी असतात. ज्याने लिहिल्या त्याने कशाला वाचायच्या?

आता कोणीही शहाणा माणूस फोन उचलून सांगेल, की बाई गं, त्या दिवशी कार्यालय बंद आहे. तारीखरावांनी हात फोनकडे नेला आणि मागे घेतला. नकोच सांगायला. होऊ दे फजिती. नटूनथटून दोघं बुधवारी कुलपासमोर उभी राहतील, तेव्हा बापाची किंमत कळेल. आपण गुरुवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी हजर व्हायचं, काही न बोलता. ती येऊन गळ्यात पडेल. मग मोठ्या मनाने रंगाऱ्यालाही माफ करून टाकायचं. एवढा बेत त्यांनी पाच मिनिटांत रचला आणि मंगळवारी संध्याकाळच्याऐवजी बुधवारी सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं.

बुधवारी अकराच्या सुमाराला ते गाडीच्या खिडकीशी बसले होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मुलीचा. "पोचली वाटतं कुलपापाशी," ते समोरच्या प्रवाशाला म्हणाले. त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. फोन वाजून वाजून थांबला. पंधरा मिनिटांनी पुन्हा वाजला. तारीखरावांनी तो मांडीवर ठेवून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "अहो, घ्या की! कुणीतरी काळजीत असेल."

"असू दे थोडी काळजीत," तारीखराव म्हणाले, आणि त्यांनी फोन कापला.

गुरुवारी सकाळी नऊला ते नोंदणी कार्यालयाच्या पायरीवर होते. साडेनऊला एक जाडा कारकून आला, त्याने किल्ली लावली, टेबल झटकलं आणि यांच्याकडे न बघताच विचारलं, "काय काम आहे?"

तारीखरावांनी मुलीचं नाव सांगितलं. "काल तुमचं बंद होतं ना, म्हणून तिचं लग्न आज असेल."

"बंद? काल?" कारकून नोंदवही उघडून पानावर बोट फिरवू लागला. "हे काय, झालं की काल. बारा वाजता. मुलीकडचं कुणी यायचं होतं म्हणून तासभर ताटकळत ठेवलं आम्हाला."

"पण काल स्मृतिदिनाची सुट्टी होती! अकरा नंबरला!"

"अख्ख्या प्रदेशाला होती," कारकून म्हणाला. त्याचा आवाज एकदम चढला. "आम्हाला नव्हती. वर कुणीतरी दीडशहाणा बसलाय, त्याने आमचा जिल्हा वगळला. माझी म्हातारी आई गावाला वाट बघत बसली. तो माणूस मला एकदा भेटला पाहिजे हो, एकदाच!"

तारीखरावांना तो शब्द आठवला. कागद आठवला, चुकलेलं 'कृपया' आठवलं, आपलं हसणंही आठवलं. कारकून बोलत होता आणि ते मान खाली घालून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी म्हणणं त्यांनी मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकलं.

वहीतला पत्ता घेऊन ते मुलीच्या घरी गेले. दुसरा मजला, अरुंद जिना, दारात रंगाचे डाग पडलेल्या चपला. दार तिनेच उघडलं. ती दचकली, मग तिचा चेहरा निर्विकार झाला.

"बाबा."

"अगं, मी..." हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं, त्यामुळे ते कसं सुरू करायचं हेच कळेना. "मी तारीख चुकलो."

"तुम्ही?"

"हो. मला वाटलं, काल सुट्टी आहे. यादी... मीच केलेली यादी नीट वाचली नाही."

"बाबा, पुरे," ती म्हणाली. ओरडली नाही. "तुम्हाला यायचं नव्हतं, ते मला काल बारा वाजताच समजलं. रडून झालं माझं. पण निदान मला वेडी समजून असलं काहीतरी सांगू नका. सगळा देश तुमच्या तारखांवर चालतो. शेजारच्या काकूंच्या नातवाचा वाढदिवस त्या विसरायच्या, तुम्ही नाही. आणि माझ्या लग्नाची तारीख चुकलात?"

"खरंच चुकलो गं. शपथ घेतो."

तिला पटवून घ्यायचं होतं, हे त्यांना दिसत होतं.

"मग फोन का नाही घेतलात?"

याला खरं उत्तर एकच होतं. तू कुलपासमोर उभी आहेस असं मला वाटलं आणि मला त्याची मजा वाटत होती. ते सांगितलं असतं तर तारीख चुकल्याचं तिला लगेच पटलं असतं. "गाडीत..." तारीखरावांनी सुरुवात केली.

"गाडीत ऐकू आलं नाही, असं म्हणणार होतात ना?" मुलगी म्हणाली. "पहिले दोन नसतील आले ऐकू. तिसरा तुम्ही कापलात, बाबा. तो तरी चुकून नाही ना कापलात?"

आत कुणीतरी भांडी विसळत होतं. तेही थांबलं.

"नाही," तारीखराव म्हणाले. "तो चुकून नाही कापला."